हिवमोडचे दोन एजंट

नऊ वर्षं ज्या हिरासिंगच्या सावलीलाही धावजी उभा राहिला नव्हता, त्याच्याच अंगणात जाऊन एक दिवस त्याला म्हणावं लागलं, की बाबा, माझ्या धंद्यात आडवा ये. धंदा वाचवायला माणसं दुसऱ्याच्या पाया पडतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण माझ्या पोटावर पाय दे म्हणून पाया पडणारा धावजी पहिलाच. आणि हे सगळं सरकारच्या कृपेनं घडलं, सन एकसष्टात.

धावजीचा तांडा महागावच्या बाजारापासून चार कोसांवर, पूस नदीच्या पल्याड. सत्तर घरं, सगळी बंजाऱ्यांची. बापजाद्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून अर्धा मुलूख पालथा घातला होता. नातवांनी नांगर धरला आणि ते एका जागी रुतले. नदी भरली की तांडा चार-चार दिवस जगापासून तुटायचा, आणि पाऊस सरता सरता हीव, म्हणजे हिवताप, यायचं. मग भर दुपारी ऊन पडलेलं असताना माणसं गोधड्या पांघरून अंगणात कुडकुडत बसायची.

आठ वर्षांपूर्वी हे हीव धावजीच्या गंगीला आलं होतं. सहा वर्षांची पोर. औषध महागावात, मध्ये नदी. गंगी काही औषधाची वाट पाहत थांबली नाही. त्यानंतर धावजीनं दोन-तीन वर्षं तोंड मिटून शेती केली, आणि मग एक दिवस नागपूरच्या कंपनीला पत्र धाडलं. कंपनीचं 'हिवमोड मिक्श्चर' नावाचं औषध होतं, क्विनाइनचं, इतकं कडू की तांडा त्याला नुसतं 'कडू' म्हणायचा. त्या भागाची एजन्सी धावजीला मिळाली. घराच्या भिंतीवर पत्र्याची पाटी लागली : 'हिवमोड मिक्श्चर. एकमेव विक्रेते : धावजी रामधन राठोड.' त्यात मिळकत म्हणावी तर चहापाण्यापुरती. पण पाच वर्षं तांड्यात बाटली नाही असा एक दिवस गेला नाही, आणि धावजीला तेवढंच हवं होतं.

मग यवतमाळच्या कचेरीतून कागद आला. कोणत्याही औषधाची विक्री कोणत्याही एका इसमाकडे एकट्याकडे असू नये, असा नवा हुकूम होता. महिन्याच्या आत त्याच गावी दुसरा एजंट नेमला न गेल्यास पहिल्याची एजन्सी रद्द, माल बंद.

सरकारचा हेतू वाईट नव्हता, हे सांगायलाच हवं. मोठ्या शहरांत एकेक शेठ एकेक औषध कुलपात घालून बसायचा आणि माणूस मरायला टेकला की कुलूप काढायचा. त्याला चाप लावायचा होता. आता हत्तीसाठी विणलेल्या जाळ्यात मुंगी सापडली, तर जाळं विणणाऱ्यानं काय करावं? त्यानं मुंगीला कचेरीत बोलावलं.

कचेरीतले इन्स्पेक्टर साहेब सज्जन होते. हीच तर अडचण होती. खाऊ साहेब असता तर कोंबडीवर निभावलं असतं.

"तुम्ही एकटेच विकता?" साहेबांनी विचारलं.

"हो साहेब. दुसरं कोनीच नाई," धावजी अभिमानानं म्हणाला.

"तेच तर चुकतंय. जनतेला निवड हवी."

"साहेब, औषध एकच हाय. त्यात काय निवडावं?"

"औषध निवडायचं नाही. एजंट निवडायचा," साहेब समजावून म्हणाले. "आणि दुसरा एजंट तुमचा नातेवाईक नको. नाहीतर बायकोच्या नावानं पाटी लावाल."

वाटेत एस.टी.त बसल्या बसल्या धावजीनं नेमका तोच बेत केला होता. तो गोरामोरा झाला.

"साहेब, तांड्यात सत्तर घरं हाय. कोनी काका, कोनी साळा, कोनी व्याही. बिननात्याचा एक मास्तर होता, त्याचीबी बदली झाली. महागावच्या दुकानदाराले इचारलं, तर थो म्हनते, चार कोस चिखल तुडवत कोन येईन तुमच्या तांड्यात?"

साहेबांनी हुकूम पुन्हा वाचला, उलटा करून वाचला, आणि शेवटी खालच्या बारीक टायपात त्यांना वाट सापडली. नातं असलं तरी दोघांचे हितसंबंध परस्परविरोधी असल्याची खात्री पटल्यास हरकत नाही, असं तिथं लिहिलं होतं.

"म्हणजे असं पाहा," साहेब म्हणाले, "तुमचं ज्याच्याशी वाकडं आहे, असा कोणी नाही का?"

असा एकच माणूस होता, त्याचा सख्खा धाकटा भाऊ.

भांडणाचं कारण सांगायलाही लाज वाटते, इतकं छोटं. तांड्यात पोराच्या पहिल्या होळीला धुंड करतात, सगळा तांडा जमून पोराचं कौतुक करतो. हिरासिंगच्या पोराच्या धुंडीला गुळाचा पहिला खडा थोरल्या काकाच्या हाती पडायचा, तो पोराच्या मामाच्या हाती पडला. झालं. धावजी पागोटं झटकून उठला, आणि नऊ वर्षं दोन घरांत बोलचाल बंद. समोरासमोर घरं, मध्ये वीस पावलांची वाट, आणि त्या वाटेवरून जाताना दोघं माना अशा वळवायचे, की दोघांच्याही मानेला एकेक बाजूचा ताठरपणा आला होता.

"नऊ वर्स मी सांगून राह्यली का भावाशी बोला," धावजीची बायको सुखीबाई म्हणाली. "माह्या सांगन्यानं नाई गेले. आता सरकारनं सांगतलं तर चाल्ले."

"बोलाले नाई चाल्लो. वैर कराले चाल्लो," धावजी म्हणाला, आणि वीस पावलं चालून गेला.

बोलचाल बंद असलेल्या दोघांना काही सांगायचंच पडलं, तर अंगणातल्या जनावराला सांगावं, अशी त्या तांड्याची रीत. हिरासिंगच्या दारात म्हैस बांधलेली होती. धावजी तिच्यासमोर उभा राहिला. हिरासिंग बाजेवर बसून दोरी वळत होता. त्यानं मान वर केली नाही.

"म्हशी," धावजी म्हणाला, "तुह्या मालकाले सांग, का सरकारले कडूचा दुसरा एजंट पाहिजे. नाई भेटला तर तांड्यात औषध बंद होईन."

म्हशीनं कान हलवला.

"म्हशी, त्याले इचार," हिरासिंग दोरीकडे पाहत म्हणाला, "का सत्तर घरं सोडून माहंच घर काहून?"

"सरकारले वैरी पाहिजे. बाकी सगळे नात्याचे निघाले."

हिरासिंगनं दोरीचा पीळ आवळला. दोघांच्याही मनात तेव्हा एकच दिवस होता. गंगीला हीव आलं त्या दिवशी कोणी न सांगता हिरासिंगनं भरल्या पुरात उडी घेतली होती. पोहून महागाव गाठलं, बाटली डोक्याला बांधली, पुन्हा पोहून आला. आला तेव्हा पोरीला बाहेर काढलेलं होतं. त्यानं बाटली धावजीच्या उंबऱ्यावर ठेवली आणि ओल्या कपड्यांनी आपल्या घरात निघून गेला. त्यावर त्या दोघांत एक अक्षर झालं नव्हतं. म्हशीतर्फेसुद्धा नाही.

"त्याले सांग, एजंट मी होतो," हिरासिंग अखेर म्हणाला. "पन वैर मोडनार नाई."

"मोडूच नोको म्हना," धावजी घाईनं म्हणाला. "मोडलं तर सगळंच बुडालं."

पंधरा दिवसांनी साहेब वैराची खात्री करून घ्यायला स्वतः आले. तांड्याचे नाईक उत्तमसिंग मोठ्या रुबाबाचे गृहस्थ. तांड्याची भांडणं मिटवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. भांडण आहे याचा दाखला कोणी त्यांच्याकडे प्रथमच मागत होतं. पाच साक्षीदार उभे राहिले. नऊ वर्षांतलं जे जे आठवेल ते ते त्यांनी सांगितलं, आणि आठवेनासं झालं तेव्हा पदरचं घातलं. सुखीबाई आणि हिरासिंगची बायको लालीबाई यांनी तर साहेबांसमोरच सुरुवात केली. लालीबाईचं तोंड सुटलं ते साहेबांनी चहा सांडला तरी थांबेना. या दोघी जावा रोज दुपारी पाणंदीवर एकत्र शेण्या थापायच्या, हे तेवढं कोणी साहेबांना सांगितलं नाही.

साहेब समाधान पावले. त्यांनी कागद लिहून घेतला. "आम्ही खाली सह्या करणार लिहून देतो, की आमचे आपसांत वैर असून ते खरे आहे व पुढेही चालू ठेवू. एकमेकांचे घरी जाणार नाही व एकमेकांस मदत करणार नाही. वैरात खंड पडल्यास पंधरा दिवसांत कचेरीस कळवू." दोघांनी सह्या केल्या. 'एकमेव' हा शब्द धावजीनं स्वतः डांबर लावून बुजवला. समोरच्या भिंतीवर दुसरी पाटी चढली. जनतेला निवड मिळाली.

आता जनतेचं पाहा. तांड्याची आणखी एक रीत होती. दोन घरांत वाकडं असलं, की बाकीच्यांनी दोन्ही घरं समान धरायची. एका घरी पाणी प्यालं, तर त्याच दिवशी दुसऱ्या घरीही प्यायचं, म्हणजे कोणाचा पक्ष घेतला असं होत नाही. आजवर हे पाण्यावर आणि तंबाखूवर निभावलं होतं. आता हीव आलं की माणूस धावजीची बाटली घ्यायचा, आणि हिरासिंगला वाईट वाटू नये म्हणून त्याचीही घ्यायचा. आणि बाटली विकत घेऊन ठेवून देणं म्हणजे अपमानच की. म्हणून दोन्हींतला पुरा पुरा डोस घ्यायचा.

क्विनाइन दुप्पट पोटात गेलं की कान वाजतात. आठवड्यात अर्ध्या तांड्याचे कान वाजू लागले. रामीबाई म्हातारी दारात उभी राहून, कोणाच्या लग्नाचे डफडे आहेत ते बंद करा म्हणून ओरडू लागली. शेजारी म्हणाला, डफडे नाहीत, भुंगे आहेत. माणसं एकमेकांशी बोलताना कानाशी हात नेऊन किंचाळू लागली. शेवटी नाईकांनी बैठक बोलावली, पण नाईकांचेही कान वाजत होते. त्यांनी निवाडा दिला तो निम्म्यांना ऐकू गेला नाही, म्हणून दुसऱ्यांदा दिला, तेव्हा तो जरा वेगळा झाला. अखेर ठरलं ते असं, की प्रत्येकानं अर्धा डोस धावजीचा आणि अर्धा हिरासिंगचा घ्यावा. सरकारी नियम, तांड्याची रीत आणि डॉक्टरी प्रमाण असं तिन्हींचं एका चमच्यात जमवून नाईक घरी जाऊन झोपले.

लोकांची मतंही बनू लागली. हिरासिंगची बाटली जोरदार आहे पण पोटात आग करते. धावजीची सौम्य आहे, बाळंतिणीला चालते. दोन्ही बाटल्या नागपूरच्या एकाच पिंपातून भरून, एकाच खोक्यातून, एकाच बैलगाडीनं यायच्या. कचेरीत मात्र तिमाहीचे आकडे गेले, आणि साहेबांनी त्यावर शेरा मारला, 'खप दुप्पट. स्पर्धेचा जनतेस उघड लाभ.'

पण वैर चालवायचं म्हणजे सोपं काम नव्हतं. आधीचं वैर आपोआप चालायचं, नुसती मान वळवली की झालं. हे कागदावरचं वैर. त्याला देखभाल हवी. कचेरीचा माणूस कधीही येईल म्हणून आठवड्याला एक तरी चारचौघांत भांडण व्हायला पाहिजे होतं, आणि काय भांडायचं ते ठरवायला भेटणं भाग होतं. म्हणून दर सोमवारी दोघं भाऊ हिरासिंगच्या ज्वारीत, कणसांच्या आड, गुपचूप बसू लागले. पहिल्या सोमवारी म्हैस नव्हती, तेव्हा काही वेळ दोघांनाही कळेना की बोलावं कोणाकडे पाहून.

"मी म्हनीन, तुही बाटली पान्याची हाय," हिरासिंग म्हणाला.

"पान्याची म्हटलं तर लोक घेनार नाई. हीव कोनाचं जाईन?" धावजी म्हणाला. "औषधावर नोको. मले म्हन, हा खडूस हाय."

"थे तर खरंच हाय."

धावजीला नऊ वर्षांत एवढं हसू आलं नव्हतं. पुढच्या सोमवारी त्यानं सुखीबाईच्या हातची भाकर आणि ठेचा नेला. त्याच्या पुढच्या सोमवारी हिरासिंगनं मध आणला. हळूहळू भांडणाचं ठरवायला थोडा वेळ आणि बाकीच्याला बराच वेळ लागू लागला. बापाच्या गोष्टी निघाल्या, बैलांच्या निघाल्या. एकदा गंगीची गोष्टही निघाली. तेव्हा हिरासिंग इतकंच म्हणाला, की पानी अजून थोडं कमी असतं तर. आणि धावजीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्या एका वर्षात दोघा भावांनी जितका जीव एकमेकांना लावला, तितका आधीच्या चाळीस वर्षांत लावला नव्हता. धुंडीच्या गुळाचं काय झालं ते दोघं विसरूनही गेले. पंधरा दिवसांत कळवायचं तेवढं कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर औषध बंद.

हे असंच चाललं असतं. पण दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरात तांड्यात हीव जोरानं आलं. एकेका घरात दोन-दोन, तीन-तीन माणसं पडली, आणि नेमके त्याच आठवड्यात साहेब वर्षाच्या तपासणीला आले. एजन्सी पुढे चालू ठेवायची की नाही, ते त्यांच्या शेऱ्यावर होतं. दुपारची वेळ होती. साहेब धावजीच्या ओसरीवर रजिस्टर उघडून बसले होते, नाईक शेजारी होते, आणि धावजी बाटल्या मोजून दाखवत होता. तेवढ्यात लालीबाई डोईवरचा पदर नाकापर्यंत ओढून धावत आली. पदरामुळे तिला साहेब दिसलेच नाहीत.

"जाऊबाई," ती सुखीबाईला म्हणाली, "तुमच्या दिराचं काई खरं नाई. दोन दिस झाले, हीव उतरून नाई राह्यलं. घरात चाळीस बाटल्या हाय, एक तोंडाले लावत नाई. म्हनते, माह्या बाटलीनं मले काय होते? भियाच्या हातची पाहिजे म्हनते."

तांड्याच्या बोलीत भावाला भिया म्हणतात. साहेबांना ती बोली येत नव्हती, पण बाकीचं मराठी त्यांना चांगलं कळलं.

"ह्या हिरासिंग यांच्या घरच्या ना?" त्यांनी टाक उचलला. "त्यांना स्वतःच्या मालावर भरवसा नाही? आणि कोणाच्या हातची पाहिजे म्हणाल्या?"

लालीबाई भिंतीला टेकली. धावजीच्या हातात बाटली होती. त्याच्या घरून त्याच्या भावाच्या घरापर्यंत वीस पावलं होती, आणि एकमेकांचे घरी जाणार नाही, असं त्याच्या सहीनं लिहिलेलं होतं. गेला, तर दोन्ही पाट्या उतरल्या. तांड्यात तीस माणसं कुडकुडत पडलेली, त्यांत पोरंच जास्त. न गेला, तर हिरासिंग हट्टाचा माणूस, बाटली तोंडाला लावणार नाही म्हणजे नाही. इथं विचार करायला बसणारा माणूस वेगळा. धावजीचे पाय चालू लागले तेव्हा त्याचं त्यालाच कळलं नाही. साहेब रजिस्टर काखेत मारून त्याच्या मागे, आणि साहेबांच्या मागे नाईक.

हिरासिंग बाजेवर होता. डोळे लाल, ओठ फुटलेले, अंगावर घरातलं होतं नव्हतं ते सगळं पांघरूण. धावजी वाकला तसा त्यानं त्याचं मनगट धरलं. हात विस्तवासारखा तापला होता.

"भिया," तो म्हणाला. "आला तू."

साहेब दारात उभे होते. बाजेवरचा माणूस शत्रूचं मनगट धरून आहे, हे त्यांनी पाहिलं, आणि त्यांच्या सज्जन कपाळावर आठी पडली.

"हे काय चाललंय?" ते म्हणाले. "धावजी, आता हे तुमचे कोण?"

नाईक आढ्याकडे पाहू लागले. लालीबाईच्या मागून येऊन सुखीबाई दाराशी थांबली. पलीकडच्या घरातून एक पोर हिवानं कण्हत होतं, त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. धावजीलाही आला. नऊ वर्षांपासून त्याला तो आवाज ओळखीचा होता.

"गिऱ्हाईक," धावजी म्हणाला.

साहेबांना क्षणभर समजलं नाही. मग समजलं, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या घरात शिरून, त्याच्या चाळीस बाटल्या बाजूला सारून, त्यालाच आपला माल विकताय," ते म्हणाले. "सबंध जिल्ह्यात अशी स्पर्धा मी पाहिली नाही. पावती फाडा, नोंद झाली पाहिजे. गिऱ्हाइकाची सही घ्या."

धावजीनं पावतीचं पुस्तक मागवलं. हिरासिंगला सही येत होती, चांगली झोकदार यायची, पण टाक बोटांत ठरेना. साहेब म्हणाले, अंगठा चालेल. धावजीनं त्याचा अंगठा धरला, शाईत टेकवला आणि कागदावर दाबला. हिरासिंग सगळं पाहत होता. हीव भरलं होतं तरी त्याला सगळं कळत होतं. मनगटावरची त्याची पकड कधीच सुटली होती. मग धावजीनं चमचा पुढे केला, आणि हिरासिंगनं औषध घेतलं, जसं कोणीही घेतं तसं.

साहेबांनी तिथंच, बाजेच्या पायथ्याशी टेकून शेरा लिहिला आणि संध्याकाळच्या गाडीनं गेले. दोघांची एजन्सी तीन वर्षांसाठी पक्की झाली. कागदावर शिफारसही होती, की इतर तालुक्यांनी या तांड्याचा कित्ता घ्यावा. नाईकांनी तो कागद चारचौघांत दोनदा वाचून दाखवला. तांड्यातली पोरं एकेक करून उठून खेळायला लागली. त्या सालात तांड्यानं हिवापायी एकही माणूस गमावला नाही.

हिरासिंगचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला. सोमवारी धावजी ज्वारीत जाऊन दुपारपर्यंत बसला. भाकर सुकून गेली. हिरासिंग आला नाही. अशक्तपना असन, धावजीनं स्वतःची समजूत घातली. पुढच्या सोमवारीही तो आला नाही, तेव्हा मात्र धावजीला राहवेना. भर सकाळी, लोक पाहतील याची पर्वा न करता, तो वाट ओलांडून गेला. जाताना मनात त्यानं सगळं जुळवून ठेवलं होतं. तुले ठाऊक हाय ना, साहेब उभा होता. पोरं पडली होती घराघरात. माह्या तोंडून गिऱ्हाईक निंगालं, थे साहेबासाठी होतं, तुह्यासाठी नाई. असं म्हणायचं, आणि मग त्याचा हात धरायचा.

हिरासिंग ओसरीवर बाटल्या पुसून रांगेनं लावत होता. खंगला होता, पण बरा दिसत होता. त्यानं मान वळवली नाही. वळवली असती तर धावजीला बरं वाटलं असतं, ते तर जुनंच होतं. हिरासिंगनं सरळ त्याच्याकडे पाहिलं, खांद्यावरचा पंचा नीट केला, आणि बाजारातला दुकानदार बोलतो तशा गोड आवाजात विचारलं,

"या बसा. काय देऊ तुमाले?"

त्यानं धावजीला जन्मात कधी 'तुमी' म्हटलं नव्हतं. धावजीला वाटलं, कचेरीचा कोणी माणूस मागे आला असणार, म्हणून हा असा बोलतोय. त्यानं पटकन वळून पाहिलं. वाट धावजीच्या घरापर्यंत मोकळी होती. वाटेवर एक कोंबडी होती, आणखी कोणी नव्हतं. तो परत वळला तेव्हा हिरासिंग तसाच उभा होता, हात जोडून, वाट पाहत.

"एक बाटली," धावजी म्हणाला.